पाऊणने स्वतःची गाडी खाली केली

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी पाऊण एका ट्रॅफिक हवालदाराला बूट काढायला लावत होता.

"मोजेसुद्धा," तो म्हणाला.

"मोज्यांनी काय फरक पडणार आहे?"

"तुमच्या मोज्यांत काय आहे ते मला काय माहीत, साहेब. मागच्या आठवड्यात एक वकील आले होते. त्यांच्या मोज्यात थर्मोकोल निघालं."

हवालदाराने दाराकडे पाहिलं. समोरचा लाँड्रीवाला एका शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत इकडेच बघत होता. हवालदाराने दाराकडे पाठ केली आणि मोजे काढले. डाव्या मोज्यातून रबराची एक घडी खाली पडली. ती आपल्याला दिसलीच नाही, असं दोघांनीही न बोलता ठरवलं.

पाऊणने त्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि एक लाकडी फळी त्याच्या दोन्ही पायांच्या मधून वर सरकवली. "घट्ट धरा. अजून वर. अजून. लाजताय कशाला? न्हावी कानात डोकावतो तेव्हा लाजता का?" मग फळीच्या वरच्या कडेशी त्याने भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढली. माणूस किती उंच आहे याच्याशी पाऊणला देणंघेणं नसतं. पाय किती लांब आहेत एवढाच प्रश्न असतो, आणि त्या बाबतीत सगळेच खोटं बोलतात. गावातल्या निम्म्या कर्त्यासवरत्या पुरुषांची अब्रू त्या एका भिंतीवर पेन्सिलीने टांगलेली आहे.

धंदा समजायला सोपा आहे. मोटरसायकली उंच बनतात, माणसं बनत नाहीत. सिग्नलला ज्यांचे पाय जमिनीला पुरत नाहीत ते गाडी घेऊन येतात आणि पाऊण ती खाली आणून देतो. मुख्य काम पुढच्या फोर्कचं. पुढचं चाक ज्या दोन नळ्यांनी धरलेलं असतं, त्या नळ्या हँडलखाली दोन जाड पट्ट्यांत आवळलेल्या असतात. पट्ट्यांचे बोल्ट ढिले केले, नळ्या बोटभर वर सरकवल्या, पुन्हा आवळल्या, की गाडीचं नाक बोटभर खाली येतं. मागच्या बाजूलाही तेवढंच उतरवायचं, नाहीतर गाडी जमिनीत काहीतरी हरवल्यासारखी वाकून चालते.

"फार खाली नको," हवालदार म्हणाला. "चौकीत कळता कामा नये."

"कळणार नाही. फक्त तुम्ही सिग्नलला पडायचे थांबाल."

"मी पडलो नव्हतो. गाडी कलली."

"गाडीच कलते, साहेब. या दुकानात आलेला एकही माणूस आजवर पडलेला नाही."

हवालदार पाय मोज्यांत घालत बसला. दाराशी एक उंच, चिखलाच्या रस्त्यांसाठी बनवलेली मोटरसायकल उभी होती. तिची सीट पाऊणच्या कमरेच्या बरीच वर येत होती. हवालदाराने गाडी पाहिली, मग पाऊणला पाहिलं, मग पुन्हा गाडी.

"ही कुणाची?"

"माझी."

"पाय पोचतात?"

"एक पोचतो. अंगठा."

"मग खाली का नाही करत?"

"टाचा टेकायची हौस ज्याला असेल त्याने तीनचाकी घ्यावी," पाऊण म्हणाला. हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणाला होता, की समोर लाँड्रीवाल्याचेही ओठ त्याच्याबरोबर हलले.

पाऊण हे नाव त्याला लग्नात मिळालं. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचा साडू, दरवाजातून आत येताना डोकं वाकवणारा माणूस. फोटोग्राफरने दोन्ही साडूंना शेजारी उभं केलं आणि "दोघं जरा जवळ या," असं म्हटलं. साडू म्हणाला, "दोघं कुठले? आम्ही पावणेदोन आहोत." सगळा हॉल हसला. नवरीही हसली, आणि हे पाऊण अजून विसरलेला नाही.

पण तो चिडून बसणाऱ्यांतला नव्हता. स्वतःचं दुकान काढलं तेव्हा त्याने पाटीवर मोठ्या अक्षरांत 'पाऊण सस्पेन्शन' असंच रंगवून घेतलं. दुकानाच्या नावाने हाक मारली तर शिवी लागत नाही, असा त्याचा हिशेब. पाटीखाली त्याने लिहिलं, 'गाडीची उंची कमी करून मिळेल.' कुणीतरी खडूने पुढे जोडलं, 'मालकाची केलेली आहे.' ते त्याने पुसलं नाही. वाचायला थांबलेल्यांपैकी काही जण गिऱ्हाईक झाले.

फोर्कचं काम तो शिकला ते फोर्कमधलं तेल अडवणारं रबरी ऑइल सील बदलणाऱ्या एका उस्तादाकडे. उस्तादाने त्याला ठेवून घेतलं ते हुशारीसाठी नव्हे, तर जॅकवर चढवलेल्या गाडीखाली तो बसल्या बसल्या मावत असे म्हणून. पुढे उस्तादाचे गुडघे गेले आणि गिऱ्हाईक याच्याकडे आलं. यात कर्तबगारीचा भाग किती आणि गुडघ्यांचा किती, हे त्याने कधी शोधलं नाही.

उंच गाडीचं मूळही साडूच. साडूने एक बुटकी, रुंद स्कूटर घेतली. तिच्यावर बसायला खुर्चीत बसता येणं पुरे. त्याच वर्षी पाऊणने बाजारातली सगळ्यात उंच गाडी घेतली. ती थांबवायची म्हणजे कसरत होती. फुटपाथजवळ यायचं, डावीकडे अर्धं ढुंगण सीटवरून सरकवायचं, आणि डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर टेकवून चेहरा असा ठेवायचा की जणू उरलेला पाय आपण मुद्दाम वापरत नाही आहोत. त्याला हे जमायचं. मागे बायको बसलेली असतानाही जमायचं, आणि त्याच्या अभिमानाची गोष्ट तीच होती.

बायको सिटी बस चालवते. डेपोत तिला ड्रायव्हरबाई म्हणतात, घरीही बहुतेक जण तेच म्हणतात. पहिली बस तिची. पहिल्या बसच्या ड्रायव्हरला डेपोत पोचवायला अर्थातच बस नसते, म्हणून पहाटे पाऊण तिला गाडीवरून सोडतो. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, वारा कानात, बोलणं अशक्य. ती पाठीत ठोसे मारते. एक ठोसा म्हणजे हळू. दोन म्हणजे तो खड्डा आंधळ्यालाही दिसला असता. तीन ठोशांचा अर्थ तिने कधी सांगितला नाही आणि विचारायची त्याची हिंमत झाली नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. हिवाळ्यात तिच्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटली, ऑपरेशन झालं, ती घरी बसली आणि पाऊणच्या पाठीला आराम मिळाला. तो आराम त्याला मानवला नाही. सकाळी दुकान उघडताना त्याला आपण काहीतरी घरी विसरून आलो आहोत असं वाटायचं, आणि तो खिसे चाचपायचा.

आता ती उद्यापासून कामावर जाणार होती.

हवालदार माप देऊन गेला आणि ती जिन्याने खाली आली. घर दुकानाच्या वरच आहे. उजवा पाय जपत, कठडा धरत ती आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर पाय लांब करून बसली.

"उद्या पहाटे भावोजी सोडतील," ती म्हणाली.

पाऊण पाना पुसत होता. तो पुसतच राहिला. "कोण भावोजी?"

"मला किती आहेत? त्यांना म्हटलं, काही दिवस तुमच्या स्कूटरवरून न्या. लगेच हो म्हणाले."

"लगेच म्हणणारच. चार वाजता उठून करतो काय तो, दूधवाल्याला चुका दाखवतो."

"मला तुमच्या त्या गाडीवर जमत नाही हो."

"काही दिवस म्हणजे किती?"

"जमेपर्यंत."

एवढं बोलून ती पाणी प्यायला वर गेली. पाऊणने पुसलेला पाना पुन्हा पुसला. काही दिवस म्हणजे काय हे त्याला नेमकं माहीत होतं. साडूच्या स्कूटरला पाठीला टेकायला गादी होती. साडू रस्त्यात गप्पा मारत सावकाश चालवायचा, खड्ड्याआधी थांबून खड्ड्याला जणू नमस्कार करायचा. एकदा त्या सीटवर बसलेली बाई उंच गाडीवर परत कशाला येईल? गुडघा बरा होईल आणि स्कूटर तशीच चालू राहील. डेपोच्या गेटवर साडूला चहा विचारतील, वॉचमन त्याला ओळखायला लागेल.

शिवाय बसचा विषय होताच. तिच्या नव्या बसला एक बटण आहे. स्टॉपवर म्हातारं माणूस दिसलं की ती ते दाबते, हवा सुटल्याचा आवाज येतो आणि अख्खी बस दाराच्या बाजूने खाली वाकते. "एवढी मोठी बस गुडघे टेकते," ती कैकदा म्हणाली होती, "आणि एका माणसाच्या मोटरसायकलचा रुबाब बघा."

पावणेपाचला पाऊणने आपली गाडी आत घेतली आणि जॅकवर चढवली.

समोर लाँड्रीवाल्याने इस्त्री स्टँडवर ठेवली. "सील गेलं का?"

"बघतोय."

"सील बघायला पुढचं चाक काढतोस?"

"तू कॉलर बघ."

हे काम हवालदाराच्या कामासारखं बोटभर नव्हतं. त्याला पाच सेंटिमीटर हवे होते. तेवढ्या नळ्या नुसत्या वर सरकवल्या तर खड्ड्यात चाक वर येऊन खालच्या पट्टीला आपटलं असतं. म्हणून काही भाग बाहेरून आणि काही आतून कमी करायचा. त्याने फोर्क काढले, तेल ओतून टाकलं, आतल्या दांड्यावर नायलॉनची एक छोटी नळी चढवली. ती बसली की फोर्क पूर्ण उघडतच नाही, तेवढा प्रवास कमी होतो. मग स्प्रिंगच्या वरचा लोखंडी तुकडा त्याच मापाने कापला. तो कापला नाही तर स्प्रिंग आधीच दबून बसते आणि गाडी पाटासारखी कडक चालते. मागे शॉकच्या जोडपट्ट्या बदलून लांब लावल्या, तशी शेपटीही तेवढीच खाली आली. त्या त्याच्याकडे तयारच होत्या, एका गिऱ्हाइकासाठी केलेल्या. त्या माणसाने मध्येच गाडी विकून चारचाकी घेतली होती.

हात सवयीने चालत होते, पण प्रत्येक बोल्ट ढिला करताना त्याला लग्नाच्या हॉलमधला तो हशा ऐकू येत होता. दुसऱ्यांच्या गाड्या खाली करणं हा धंदा. स्वतःची करणं हा कबुलीजबाब.

सहाच्या सुमारास गाडी जॅकवरून उतरली. त्याने ती दुकानाबाहेर काढली, फडकं मारलं, वर बसून पाहिलं. दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. हा अनुभव त्याला नवा होता आणि आवडला, याचा त्याला राग आला. तो उतरला, साईड स्टँड लावला आणि हात पुसायला वळला.

गाडी क्षणभर उभी राहिली. मग तिने विचार बदलला आणि आडवी झाली, लाँड्रीवाल्याच्या दोरीवरचे दोन शर्ट सोबत घेऊन.

लाँड्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली. तो दुकानातून बाहेर आला, आडव्या गाडीकडे बघत उभा राहिला, आणि मग सावकाश म्हणाला, "स्टँड कापला नाहीस."

गाडी खाली आली की साईड स्टँड लांब पडतो. गाडी त्याच्यावर कलायच्या ऐवजी सरळ ताठ उभी राहते आणि वाऱ्याच्या झुळकेनेही उलट्या बाजूला पडते. हे पाऊण प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट नाचवून सांगत असे. 'स्टँड कापल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जाणार नाही' हा तर दुकानाचा एकमेव नियम. पण बाकीच्या गाड्या तो मापं घेऊन खाली करायचा. ही त्याने रागाने केली होती.

नेमकी त्याच वेळी साडूची बुटकी स्कूटर गल्लीत शिरली. साडू गाद्यांचा व्यापारी. दुकान बंद करून येताना त्याच्या स्कूटरवर पायांच्या जागेत फोमचे नमुन्याचे ठोकळे रचलेले असायचे, त्यामुळे गुडघे हनुवटीशी घेऊन तो टोळासारखा चालवायचा. त्याने स्कूटर लावली आणि आडव्या गाडीवरून नजर फिरवली.

"काय साडूराव, गाडीला झोप आली?"

"धर तिकडून," पाऊण म्हणाला.

दोघांनी ती उचलली. सरळ झाल्यावर साडूने एक हात सीटवर ठेवला, मग तो हात स्वतःच्या मांडीला लावला, मग पुन्हा सीटवर. गादीवाल्याला उंचीचा अंदाज चांगला असतो.

"ही खाली झालीय," तो म्हणाला.

"फोर्कचं काम होतं."

"किती खाली?"

"थोडी."

"माझ्या मांडीला विचारलं तर चांगली वीतभर."

"तुझ्या मांडीला काही कळत नाही. पाच सेंटिमीटर आहे." हे बोलून झाल्यावर पाऊणच्या लक्षात आलं की आपण कबूल केलं.

साडू हसेल असं लाँड्रीवाल्याला वाटलं, म्हणून तो जवळ सरकला. पण साडू हसला नाही. "मी उद्याची वेळ विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "पण विचारायची गरज उरली नाही बहुतेक."

"नाहीच उरली. मी सोडतोय."

"तिला सांगितलंस?"

"आता सांगतो. गाडी बघितली की तिलाच कळेल."

तिला वरून सगळं ऐकू येत होतं. ती आधीच जिना उतरत होती. खाली येऊन तिने दोरीवरून गेलेले शर्ट लाँड्रीवाल्याच्या हातात दिले, आणि गाडीभोवती एक फेरी मारली. फेरी मारताना ती चाकांना पाय लावून पाहत होती, बसला लावते तसा.

"माझ्यासाठी केलंत हे?"

"स्वतःसाठी कशाला करीन? माझा अंगठा पोचत होता."

"बसून दाखवू?"

पाऊणने गाडी दुकानाच्या पायरीला लागून उभी केली आणि पुढे बसला, दोन्ही टाचा रोवून. ती पायरीवर उभी राहिली, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, उजवा पाय सरळ ठेवून पलीकडे टाकला आणि बसली. एका झटक्यात. पाऊणने साडूकडे पाहिलं. ते पाहणं त्याला टाळता आलं असतं.

"आता उतरते," ती म्हणाली, आणि उतरली.

"काय झालं?"

"दुखला."

"अगं, एवढी खाली आणलीय."

"चढता येतं हो मला. आधीही येत होतं. पायरीवरून टाकला पाय की झालं. बसता येत नाही." तिने स्टुलावर बसून उजवा पाय दाखवला, पावलाखाली हात धरून, जणू ते फूटरेस्ट आहे. "हे बघा. पाय इथे, सीट इथे. मधला गुडघा हा असा दुमडतो. डॉक्टरांनी काय सांगितलंय? काटकोनाच्या पुढे वाकवायचा नाही. तुमच्या गाडीवर तो कोंबडीच्या पायासारखा होतो. गाडी जमिनीवर ठेवा नाहीतर गच्चीवर, सीट आणि फूटरेस्टमधलं अंतर तेवढंच राहणार ना?"

पाऊणने सीटवरून फूटरेस्टकडे नजर नेली. सीट आणि फूटरेस्ट दोन्ही गाडीलाच लावलेले असतात. गाडी खाली आली की दोन्ही खाली येतात. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याचा धंदा असा, की कुणी 'जमत नाही' म्हटलं की त्याचं डोकं आपोआप जमिनीकडे वळायचं.

"तुला कधी कळलं हे?"

"मंगळवारी. तुम्ही जेवायला वर होता, मी इथे बसून बघितलं."

"मग सांगायचं नाही?"

"अहो, रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाच्या पायांत फळी घालता. मला एकदा विचारलंत, कुठे दुखतं?"

लाँड्रीवाल्याने "बरोबर आहे" असं म्हटलं, आणि पाऊणने त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक शर्ट नव्याने इस्त्री करायला निघून गेला.

"मग फूटरेस्ट खाली घेऊ," पाऊण म्हणाला आणि लगेच वाकला. उजवीकडे हात घालून त्याने पाहिलं आणि उठला. उजव्या फूटरेस्टच्या खालून सायलेन्सर जात होता. तिथे बोट शिरायला जागा नव्हती, आणि गुडघा उजवाच होता.

"डावा गुडघा फाटला असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

"पुढच्या वेळी विचारून फाडते."

साडू इतका वेळ सीटचा मागचा भाग अंगठ्याने दाबून बघत होता. दाबायचा, सोडायचा, परत येतो किती ते पाहायचा. "हा फोम मेलेला आहे," तो म्हणाला. "आणि फूटरेस्ट खाली जात नसेल तर बाई वर जाईल. अंतर म्हणजे अंतर. कुठूनही वाढवा."

पाऊण त्याच्याकडे बघत राहिला. हे वाक्य आपल्याला सुचायला हवं होतं, आणि ते गादीवाल्याला सुचलं, हे पचायला त्याला थोडा वेळ लागला.

"पाच सेंटिमीटरचा ठोकळा आहे का तुझ्याकडे?" त्याने शेवटी विचारलं.

"कडक की मऊ?"

"मऊ दबेल. खाली बसली की पुन्हा गुडघा तिथेच."

"अगदीच कडक दिला तर मेहुणी डेपोत पोचेपर्यंत मला शिव्या देईल."

"मी तशाही देणार आहे, भावोजी," ती म्हणाली. "कडकच द्या."

साडूने स्कूटरवरून एक करडा ठोकळा काढला. पाऊणने मागच्या सीटचं कव्हर उसवलं, ठोकळा सुरीने सीटच्या आकारात कापला, खाली चिकटवला आणि कव्हर ताणून ओढलं. ते पुरेना, म्हणून बाजूंना जुन्या बॅगेच्या रेक्झिनच्या पट्ट्या जोडल्या. मापं या वेळी तिच्या पायाची घेतली. तिला स्टुलावर बसवून, पावलाखाली फळी धरून, गुडघा काटकोनात ठेवून, आणि "इथे दुखतं? इथे?" असं प्रत्येक बोटभर अंतराला विचारून. साडू टेप धरून उभा होता. मध्येच म्हणाला, "माझं लग्न झाल्यापासून कुणी माझा गुडघा इतका विचारलेला नाही."

"तुझा गुडघा दिसतोच आहे सगळ्यांना," पाऊण म्हणाला. "स्कूटरच्या हँडलच्या वर असतो."

मग ती पुन्हा पायरीवर उभी राहिली. पाय टाकला, बसली. बसून राहिली. पाय फूटरेस्टवर ठेवून तिने गुडघा थोडा हलवून पाहिला.

"ठीक," ती म्हणाली. तिच्याकडून हा मोठा शब्द होता.

साडू गाडीच्या मागे जाऊन सीटची उंची टेपने मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने कपाळावर आठ्या घातल्या आणि पुन्हा मोजली. "साडूराव, एक विचारू? तू गाडी पाच सेंटिमीटर खाली आणलीस, आणि मी पाच सेंटिमीटरचा ठोकळा घातला. म्हणजे मागची सीट सकाळी होती तिथेच आहे."

"मग असायलाच हवी. पायरीवरून तिचा पाय तेवढाच वर जातो. गाडी खाली आणली नसती तर तुझ्या ठोकळ्यावर चढायला शिडी लागली असती."

हे पूर्ण खरं होतं. फक्त फोर्क उघडताना पाऊणच्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं, पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती.

"म्हणजे एकूण हिशेबात," साडू म्हणाला, "बायको होती तिथे आहे, आणि तू खाली आलास."

लाँड्रीवाल्याची इस्त्री थांबली. पाऊणने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मागून तिचाच आवाज आला.

"अहो, जरा पुढे बघा. मला रस्ता दिसतोय."

"कसला रस्ता?"

"समोरचा. आधी तुमचं हेल्मेट मध्ये यायचं. आता पार कोपऱ्यापर्यंत दिसतंय. तिथे गटाराचं झाकण वर आलंय, डावीकडून घ्यायला लागेल."

पाऊणला परिस्थिती समजली. त्याच्या मागे, त्याच्या डोक्याच्या वर, व्यवसायाने बस चालवणारी बाई बसणार होती, आणि तिला प्रत्येक खड्डा त्याच्या आधी दिसणार होता. आजवर ठोसा खड्डा गेल्यावर बसायचा. आता खड्ड्याआधी बसेल.

"स्कूटरची ऑफर अजून आहे बरं का," साडू म्हणाला. तो हे कुणाला उद्देशून म्हणाला ते स्पष्ट नव्हतं.

"तू झोप," पाऊण म्हणाला. "आणि जायच्या आधी हा स्टँड धर, मला कापून वेल्ड करायचाय."

साडूने स्टँड धरला. वाकायला त्याला फार खाली यावं लागलं, त्यामुळे शेवटी तो जमिनीवर मांडी घालून बसला, पाऊण स्टुलावर, आणि दोघांची डोकी एका रेषेत आली. वेल्डिंगची ठिणगी उडाली तेव्हा साडूने डोळे मिटले आणि म्हणाला, "त्या हॉलमध्ये मी जे बोललो होतो ना, ते मी आधीपासून ठरवून आलो होतो."

"माहीत आहे," पाऊण म्हणाला. "हलू नकोस."

स्टँड थंड झाल्यावर गाडी त्यावर कललेली उभी राहिली, नीट, जशी राहायला हवी तशी. लाँड्रीवाल्याने येऊन तिला एका बोटाने ढकलून पाहिलं आणि ती पडली नाही म्हणून थोडा निराश होऊन गेला. साडू उरलेले ठोकळे रचून, गुडघे हनुवटीशी घेऊन निघून गेला. ड्रायव्हरबाईने वर जाऊन खाकी गणवेशाची उजवी बाही सरळ केली आणि बिल्ला लावला.

डेपोच्या फलकावर उद्याच्या पहिल्या बससमोर तिच्याच बिल्ल्याचा नंबर लिहिलेला आहे. बस पाच वाजून वीस मिनिटांनी सुटते.